केरू, साळू आणि कुसुंब्याचा डेरा

नदीकाठी एक गाव होतं आणि त्या गावात घरोघरी रंगारी राहत. आजूबाजूचे कोष्टी कोरं कापड आणून टाकत आणि रंगवलेलं घेऊन जात. गावातल्या माणसांची नखं कायम रंगलेली, अंगणातली कुत्रीसुद्धा कुठे ना कुठे डागाळलेली. तान्ही पोरं तेवढी पांढरी. पोर चार वर्षांचं होईपर्यंत त्याच्या अंगावर कोरं कापडच घालायचं, असा तिथला रिवाज होता.

ही कोरी पोरं दिवसभर रंगांच्या मधून रांगायची. समोर जे चकाकेल तिकडे धाव घ्यायची. निळं फडकं दिसलं की निळं ओढायचं, लाल दिसलं की लाल तोंडात घालायचं. मुलगा असो की मुलगी, सगळ्यांची तऱ्हा एकच. हे गावातल्या कुणालाही दिसलं असतं, पण पोरं सांभाळायची सोडून त्यांच्याकडे बघत कोण बसतं?

चार वर्षं पुरी झाली की त्या पोराचा अंगरंग व्हायचा. त्या दिवशी सगळं गाव घाटावर जमायचं. पोराचं कोरं कापड उतरवून रंगात बुडवायचं आणि वाळलं की तेच त्याच्या अंगावर चढवायचं. मुलाचं कापड निळीच्या रांजणात, मुलीचं कुसुंब्याच्या डेऱ्यात. निळा मुलांचा, गुलाबी मुलींचा. असं का, हे कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर म्हाताऱ्यांनी सांगितलं असतं की देवानंच तसं ठरवलंय.

देवाला कशाला मध्ये आणायचं? झालं होतं ते एवढंच. फार मागे एकदा घाटावर आंघोळीची गर्दी उसळली होती. सगळी पोरं कोऱ्या कपड्यांत, सगळ्यांची तोंडं साबणानं माखलेली. एका बाईनं घाईत शेजारणीचा मुलगा आपली मुलगी समजून उचलला, घरी नेला, वरणभात भरवला, वेणी घालायला बसली आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. दोन्ही घरांत मोठं भांडण जुंपलं. मग पंचांनी तोडगा काढला, की लांबून ओळखू यावीत म्हणून मुलं निळ्यात घाला आणि मुली गुलाबीत. वेणी घालणारी बाई मेली, शेजारीण मेली, पंचही गेले. तोडगा मात्र राहिला, आणि राहता राहता तो देवाच्या नावावर चढला.

या गावात एक रंगारी आणि त्याची बायको राहत. रंगारी निळीच्या रांजणाचा धनी, बायको कुसुंब्याच्या डेऱ्याची धनीण. त्यांना जुळी झाली. मुलाचं नाव केरू, मुलीचं साळू.

केरू दिवसभर आईच्या डेऱ्याशी पडलेला असायचा. कुसुंबा म्हणजे करडईची फुलं. आई ती फुलं तुडवून त्यांचं पिवळं पाणी टाकून द्यायची, मग पापडखार घालून मळायची आणि गाळायची. एवढं सगळं करून डेऱ्यात उरायचं ते गढूळ, कळकट पाणी. त्यात आई लिंबं पिळायची, की पाणी एकदम गुलाबी होऊन फुलायचं. प्रत्येक वेळी केरू टाळ्या पिटायचा. आईनं त्याला गुलाबी कापडाची एक चिंधी दिली होती. ती मुठीत धरल्याशिवाय त्याला झोप येत नसे.

साळूचा जीव बापाच्या रांजणात. निळीच्या रांजणातून कापड वर काढलं की ते आधी हिरवट दिसतं. मग वारा लागतो आणि बघता बघता ते निळं होतं. साळू तोंडाचा आ करून बघत बसायची. "बा, परत काढ ना!" म्हणायची. बाप हातातलं काम सोडून परत काढायचा.

कोरी होती तोवर दोघं सुखात होती.

अंगरंगाचा दिवस आला. घाटावर हलगी वाजत होती. बायका नटून आल्या होत्या. केरूचा कोरा अंगरखा आईच्या हातात होता. हलगीचा आवाज वाढला तसा केरू आईचा हात सोडून सुटला आणि थेट कुसुंब्याच्या डेऱ्याकडे धावला. दोन्ही हातांनी त्यानं डेऱ्याची कड धरली.

केरूची आत्या पुढेच उभी होती. तोंडाळ बाई, मनात काही नसायचं, पण जीभ आवरायची नाही. ती ओरडली, "अगं बया! आमचा केरू नवरी व्हायला निघाला की गं! बांगड्या आणा कुणीतरी!"

सगळा घाट हसला. हलगीवाला हसला, बाप हसला, आईलासुद्धा हसू आवरेना. केरूनं मान वर करून चहूकडे बघितलं. जिकडे बघावं तिकडे दातच दात. त्याला वाटलं, आपण फार वाईट काहीतरी केलंय. काय केलंय ते कळलं नाही, पण हात कडेवरून आपोआप सुटले.

तेवढ्यात साळू रांजणाकडे निघाली होती. तिलाही बायकांनी हसत हसत दंडाला धरून मागे ओढलं. "तिकडं कुठं गं, बाई? तुझा इकडं."

संध्याकाळी दोघं नवे कपडे घालून ओसरीवर बसली. केरू निळा, साळू गुलाबी. गावातले येऊन दृष्ट काढून गेले. आईनं केरूच्या मुठीतली चिंधी काढून घेतली. म्हणाली, "आता मोठा झालास. ही साळूला दे."

साळूला ती चिंधी नकोच होती. तिनं ती नाक पुसायला घेतली.

त्या दिवसापासून केरूच्या पोटात दुखायला लागलं. तेच ते दुखणं, ज्यावर वैद्याकडे औषध नसतं. साळूचा परकर सळसळला की त्याच्या अंगाची लाही व्हायची. तिच्या वेणीला गुलाबी फीत, तिच्या बाहुलीला गुलाबी लुगडं, तिच्या पाटावर गुलाबी वेल. सगळं तिचं! आणि ती मेली कशाकडे ढुंकूनही बघत नाही! तो येता जाता तिला चिमटे काढायचा. तिची फीत ओढून गोठ्यात टाकायचा.

साळू काही कमी नव्हती. तीही मनातून जळत होती. केरूनं निळ्या बाहीला नाक पुसलं की तिला रडू यायचं. असं सुंदर निळं, वाऱ्यातून उतरलेलं, आणि हा त्यावर शेंबूड पुसतो! तिनं त्याच्या अंगरख्याला मुद्दाम चिखल फासला आणि मार खाल्ला.

पण खरं काय ते बोलायचं कसं? बोललं की घाट हसतो, एवढं दोघांना पक्कं कळलं होतं. म्हणून केरू एके दिवशी बहिणीकडे बघून म्हणाला, "शी! गुलाबी घाण असतो. रडूबाईंचा रंग."

साळू म्हणाली, "निळा घाण. म्हशी डुंबतात त्या डबक्याचा रंग."

बाप ओसरीवर बसला होता. तो मांडीवर थाप मारून हसला. "ऐकलंस का गं? एवढंसं पोरगं, पण गुलाबी नको म्हणतंय. रक्तातच असतं ते!"

आई म्हणाली, "आणि ही बघा, निळ्याला नाक मुरडते. उपजतच कळतं पोरींना."

तोंडातून निघालेलं आईबापांनी ऐकलं. तेव्हा केरूचे डोळे कुठे होते, ते बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते साळूच्या परकराच्या काठावर होते.

कौतुक झालं म्हटल्यावर पोर ते पुन्हा करतं. केरू गुलाबी पाटावर बसेना, गुलाबी वाटीतलं दूध पिईना. पाडव्याला साखरेच्या गाठी आल्या. पांढऱ्या आणि गुलाबी. गुलाबी गाठीकडे बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण तो मोठ्यांदा म्हणाला, "मी नाही खाणार. पोरींची आहे." आणि पांढरी गाठ कुडुम कुडुम चावत बसला.

तेव्हाच आत्याचं शेंडेफळ तिथे दुडदुडत आलं. त्याला सगळे सोन्या म्हणत. सोन्या अजून कोराच होता, अंगरंगाला अवकाश होता. त्यानं हात घातला आणि नेमकी गुलाबी गाठ उचलली.

केरूच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आपण मन मारून बसायचं आणि हा खुशाल उचलतो? तो उठला, टाळ्या पिटत ओरडायला लागला, "नवरी! सोन्या नवरी! बांगड्या आणा, बांगड्या!" निळी पोरं जमली. सगळ्यांनी सोन्याभोवती फेर धरला. सोन्यानं गाठ टाकली आणि आईच्या पदरात तोंड खुपसलं. आत्या हसत म्हणाली, "बरं झालं, लवकर शिकतोय."

घरी आल्यावर केरूनं ती मातीत पडलेली गाठ खिशातून काढली. कधी उचलली होती कुणास ठाऊक. परड्यात बसून त्यानं ती पुसली आणि चाटून चाटून संपवली.

दोनेक वर्षं गेली. जुळ्यांचे पुढचे दात पडले. त्या गावी दात पडले की पोरं आईबापाच्या हाताखाली कामाला लागत. केरूला बापानं रांजणाशी उभं केलं, साळूला आईनं डेऱ्याशी.

केरूचं मन निळीत लागेना. रांजण कधी ढवळायचा, कधी झाकायचा, त्याच्या डोक्यात शिरत नसे. कापडावर ढग उठायचे. बाप म्हणायचा, "पोरगा आळशी निपजला." साळूचं तसंच. लिंबं पिळायची तर डोळे बापाच्या रांजणाकडे, फुलं तुडवायची तर मान वाकडी करून तिकडेच. आई म्हणायची, "पोरगी वेंधळी आहे." आळशी आणि वेंधळी, अशी दोन नावं घरात दोघांना चिकटून बसली.

आणि केरूचा जळफळाट काही थांबत नव्हता. आई साळूच्या मागे उभी राहून तिचे हात धरून शिकवायची. "असं, हलकं हलकं, कापड दुखवायचं नाही." ते बघून केरूला वाटायचं, हे हात माझे असायला हवे होते. मग तो रांजणात काठी अशी काही आपटायचा की बापाच्या तोंडावर निळं पाणी उडायचं.

अशात इनामदारांच्या लेकीचं लग्न ठरलं. नवरीचा शेला रंगवायचं काम आईच्या डेऱ्याकडे आलं. मान मोठा, तशी जोखीमही मोठी. रंगाऱ्यांचा एक कडक नेम होता. लग्नाचं कापड ज्या भांड्यात बिघडेल ते भांडं घाटावर सगळ्यांसमोर उपडं घालायचं आणि त्या घरानं तो रंग पुन्हा करायचा नाही. निळीचं भांडं असो की कुसुंब्याचं, माफी नाही. आईच्या आईनं तो डेरा तिला दिला होता. तिनं तो लेकीसारखा जपला होता.

आईनं तीन पाण्यांतून शेला रंगवला. असा गुलाबी उतरला की बघायला शेजारणी आल्या. शेवटच्या पाण्यात तो मुरत ठेवून ती साळूला म्हणाली, "मी नदीवर हात धुऊन येते. इथून हलू नकोस, बरं का. सगळं तुझ्या भरवशावर आहे. अगं, हा डेरा उद्या तुझाच आहे."

केरू भिंतीआड उभा होता. हा डेरा उद्या तुझाच आहे. ते शब्द त्याच्या कानात गरम तेलासारखे उतरले.

आई वळणाआड गेली, तोच बाप रांजणातून कापड काढायला लागला. साळूला राहवेना. "एकदाच बघते," असं स्वतःलाच सांगून ती पळाली.

डेऱ्याजवळ कुणी नव्हतं. शेजारीच पापडखाराची परात होती. केरू पुढे आला. त्यानं शेल्याकडे बघितलं. तो रंग अगदी तसाच होता, मुठीतल्या चिंधीसारखा. मला नाही तर कुणालाच नको, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं दोन्ही ओंजळी भरून पापडखार डेऱ्यात टाकला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग शेल्यातून रंग सुटायला लागला. गुलाबी गेलं, फिकं झालं, आणि पाणी पुन्हा तेच कळकट, गढूळ. शेला मेल्यासारखा पांढराफटक पडला. केरूला वाटलं होतं की आता गार वाटेल. पण गार काही वाटलं नाही. तो भिंतीआड जाऊन उकिडवा बसला.

आई आली. तिनं डेऱ्यात बघितलं आणि ती मटकन खाली बसली. साळू धावत परत आली.

"काय पडलं यात? बोल, साळू!"

"मला नाही माहीत, आई."

"तू कुठं होतीस?"

साळू परकर खाली ओढून पावलं झाकायला लागली.

लोक जमले. साळूच्या पाठीत धपाटे बसले. ते ऐकून केरूला, खरं सांगायचं तर, घटकाभर बरं वाटलं. बसू देत! डेरा पाहिजे नाही का तिला? अशा गोष्टींत अशी पोरं वाईट ठरवून आपण मोकळे होतो, पण ते बरं वाटणं कुणाला ठाऊक नाही?

पंच आले. सगळ्यात म्हातारे पंच म्हणाले, "यात काय पडलं ते कळतंय का?"

आई म्हणाली, "खार असेल, चुना असेल, नक्की नाही सांगता येत."

"मग वरून काही घालता येणार नाही. न कळता घालावं तर कापड कुजायचं. नवरीचा शेला वाया गेला. बाई, नेम तुला माहीत आहे. डेरा उपडा घाला."

आईनं डेऱ्याच्या कडेवरून एकदा हात फिरवला, बस. चार माणसं पुढे झाली. त्यांनी डेरा धरला, तिरका केला. कडेवरून कळकट पाण्याची धार सांडली.

केरूनं ती धार बघितली. त्या पाण्यात रंग होता. त्याला ठाऊक होतं. दिसत नसला तरी सगळा गुलाबी त्या गढूळ पाण्यातच होता, आणि तो मातीत चालला होता. आता तो कुणालाच मिळणार नव्हता, साळूला नाही, आईला नाही, कधीच नाही.

"सांडू नका!" तो किंचाळला. "रंग पाण्यात आहे! मी पापडखार टाकला! मी!"

माणसांनी डेरा सरळ केला. बाप हात उगारून धावला. आई मध्ये आली. तिनं केरूचे दोन्ही खांदे धरले.

"का रे? माझ्या डेऱ्यानं तुझं काय वाईट केलं होतं?"

सगळा घाट केरूसमोर होता, त्या दिवसासारखाच. आत्या पुढेच उभी. निळी पोरं टवकारून बघत होती. ज्यांना घेऊन त्यानं सोन्याभोवती फेर धरला होता, तीच पोरं.

"मला हवा होता," तो म्हणाला.

"काय हवं होतं?"

"हा रंग. तू साळूला दिलास. माझी चिंधीपण तिला दिलीस. तिनं नाक पुसलं त्याला."

आईला ती चिंधी आठवायला वेळ लागला. आठवली तेव्हा तिनं डोळ्यांना पदर लावला. मग ती उठली, लिंबाची टोपली आणली आणि केरूसमोर ठेवली.

"पापडखारानं गेलेला रंग लिंबानं येतो. पण शेला सारखा हलवत राहावा लागतो, हातानं, अगदी शेवटपर्यंत. ज्यानं घालवला त्यानंच आणायचा. घाल हात."

केरूनं हातांकडे बघितलं. कुसुंबा नखांत शिरला की महिनाभर निघत नाही. महिनाभर सगळी पोरं बघणार. महिनाभर बांगड्या आणा, बांगड्या. मागून एक पोर फिसकन हसलंच. केरूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पळून जावं, नदीत उडी घ्यावी, असं त्याला झालं.

त्यानं बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात डेऱ्यात घातले.

आई लिंबं पिळत गेली. केरू शेला हलवत राहिला, हलकं हलकं, कापड न दुखवता. कुणी हात धरून शिकवलं नव्हतं, पण भिंतीआडून त्यानं हे इतक्या वेळा बघितलं होतं की त्याच्या बोटांना ते पाठ होतं. आधी काहीच नाही. मग पाण्याच्या कडेला जरासं गुलाबी दिसलं. मग मध्ये. मग एकदम सगळा डेरा फुलला, तसा केरू सगळं विसरून हसला. हात अडकले होते, नाहीतर त्यानं टाळ्याच पिटल्या असत्या.

शेला वर आला. थोडं पाणी सांडून गेलं होतं, म्हणून रंग किंचित फिका उतरला. पंचांनी तो उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, "चालेल. उलट नवरीला हाच खुलून दिसेल." माणसं डेऱ्यापासून मागे सरली.

आता सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्यानं तोंड उघडलं होतं. पण तिच्या कडेवरचा सोन्या खाली उतरला, दुडदुडत डेऱ्याशी गेला आणि केरूला म्हणाला, "मी पण घालू हात?"

केरूनं त्याच्याकडे बघितलं. पाडव्याची मातीत पडलेली गाठ त्याला आठवली. तो म्हणाला, "घाल. ये, माझ्या शेजारी."

आत्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

इकडे बाप साळूकडे वळला. मघाचे धपाटे त्याला सलत होते. "आणि तू गं? कुठं गेली होतीस ते तरी सांग."

साळूनं परकर दोन बोटं वर उचलला. तिच्या पावलांची सगळी नखं निळी होती. कुणाचं लक्ष नसताना ती रांजणात अंगठे बुडवून यायची. हात रंगले असते तर दिसले असते, पावलं परकराखाली झाकता येत. किती वर्षं चाललं होतं देव जाणे. बाप खाली बसला, त्यानं तिची पावलं हातात घेतली.

पुढे केरू डेऱ्याशी उभा राहिला आणि साळू रांजणाशी. आळशी आणि वेंधळी ही नावं आपोआप पुसली गेली. दोघांचा एकमेकांवरचा मत्सर मात्र संपला असं कुणी समजू नये. माझा रंग चांगला की तुझा, यावर ती म्हातारपणापर्यंत भांडत होती. फरक इतकाच की आता जो तो आपापल्याच रंगाची बाजू घ्यायचा.

अंगरंगाचा रिवाज मोडला नाही. पंचांनी त्यात एवढीच भर घातली, की पोर ज्या भांड्याकडे धावेल त्यातच त्याचं कापड बुडवायचं आणि तेव्हा घाटावर कुणी हसायचं नाही. बघायचं तर बघा, पण तोंडं मिटून.

पुढच्याच वर्षी सोन्याचा अंगरंग आला. हलगी वाजली. कोऱ्या अंगरख्यातला सोन्या निघाला. त्याच्या आधी गेलेल्यांतल्या दोन मुली आनंदानं गुलाबीच झाल्या होत्या, एक मुलगी निळी, आणि एक पोरगा भलतीकडेच जाऊन हळदीच्या घंगाळात बसला होता. सोन्या मध्येच थांबला. त्यानं रांजणाकडे बघितलं, डेऱ्याकडे बघितलं, आणि मग मान वळवून सरळ आपल्या आईच्या तोंडाकडे बघितलं.

आत्यानं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता. गाल फुगले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण एक आवाज तिनं बाहेर येऊ दिला नाही.

सोन्या हसला आणि धावत सुटला.

तात्पर्य काढायचंच तर एवढं काढा: लेकरू रंग उचलण्याआधी आपल्या तोंडाकडे बघतं, तेव्हा आपण हसलो, तर पुढं ते काय आवडतं म्हणून सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नका.